कंसातले गाव

वर्धा जिल्ह्यातील गावांची यादी हाती घेतली की परक्या वाचकाला पहिल्यांदा जाणवतात ते कंस. तळेगाव (श्यामजीपंत) आणि तळेगाव (टालाटुले), वायगाव (निपाणी) आणि वायगाव (हळद्या), सोनेगाव (आबाजी), दहेगाव (गोसावी), आंजी (मोठी), सिंदी (रेल्वे). कंसात कुठे माणूस आहे, कुठे घराणे, कुठे पीक, तर कुठे आगगाडीचे स्टेशन. वायगाव (हळद्या) या नावातली हळद तर इतकी खरी, की तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वर्धा शहराला अगदी लगटून असलेल्या गावांच्या नावांत मात्र एकच शब्द पुनःपुन्हा येतो : बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), उमरी (मेघे), सावंगी (मेघे).

या कंसांचे कारण साधे आहे. आपल्याकडची गावे झाडांच्या नावाने वसली. बोरीचे बोरगाव, शिंदीची सिंदी, पिंपळाची पिपरी, उंबराची उमरी. झाडे सगळीकडे तीच, म्हणून नावेही तीच. गावात राहणाऱ्याला त्याची अडचण नव्हती, कारण त्याच्या लेखी आपले बोरगाव एकच होते. अडचण होती ती सारा वसूल करणाऱ्या कचेरीची. दहा बोरगावांपैकी सारा कोणाचा आला हे कळावे म्हणून कचेरीने नावापुढे खूण केली आणि ती खूण बहुधा त्या गावाच्या धन्याची झाली. म्हणजे कंसाबाहेर निसर्ग आणि कंसात मालकी, असा या नावांचा सर्वसाधारण अर्थ लावता येतो.

आज या कंसांकडे पुन्हा पाहण्याचे निमित्त निराळे आहे. ही गावे आता वेगळी दिसतच नाहीत. वर्ध्याच्या कोणत्याही हमरस्त्याने बाहेर पडावे, दोन्ही बाजूंना लेआउट, मंगल कार्यालये, शिकवणी वर्ग, दवाखाने लागावेत आणि आपण शहर ओलांडून गावाच्या हद्दीत केव्हा आलो हे कळू नये, अशी स्थिती आहे. जनगणनेचे आकडेही हेच सांगतात. २००१ साली वर्धा नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे १ लाख ११ हजार माणसे होती. २०११ साली ती सुमारे १ लाख ६ हजार झाली. शहर आटले असा याचा अर्थ नव्हे. शहर वाढले ते हद्दीबाहेर, या कंसातल्या गावांच्या शेतांवर. शेते गेली, पण गावे गेली नाहीत. सरळ आखलेल्या भूखंडांच्या मधोमध कुठेतरी रस्ता अचानक अरुंद होतो, वळतो, पुन्हा वळतो. कवेलूंची उतरती छपरे दिसू लागतात, घरांची दारे रस्त्याकडे तोंड करण्याऐवजी एकमेकांकडे पाहू लागतात. तिथे जुने गाव सुरू होते.

शहराच्या पोटात गाव टिकून राहण्याचा हा प्रकार जगात सर्वांत ठळकपणे चीनमध्ये दिसला. तिकडे त्याला नावच 'शहरातले गाव' असे आहे. १९८० साली शेनचेन हे विशेष आर्थिक क्षेत्र ठरले आणि मासेमारीच्या व शेतीच्या प्रदेशावर काही दशकांत महानगर उभे राहिले. चीनच्या १९८२च्या राज्यघटनेनुसार शहरातील जमीन राज्याच्या मालकीची आणि खेड्यातील जमीन तिथल्या सामूहिक संस्थेच्या मालकीची. शहराला वाढायचे तर खेड्याची जमीन आधी संपादन करावी लागे. शेत घेणे सोपे होते, स्वस्तही होते. राहते घर घ्यायचे तर माणसांना दुसरीकडे वसवावे लागे आणि ते महाग पडे. म्हणून सरकारने शेते घेतली आणि घरांच्या जागा सोडून दिल्या. शेत गमावलेल्या गावकऱ्यांनी त्या उरलेल्या जागेवर मजल्यांवर मजले चढवले आणि दूरच्या प्रांतांतून कारखान्यांत आलेल्या मजुरांना खोल्या भाड्याने दिल्या. दोन इमारतींमधले अंतर इतके कमी की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता यावा. त्यांना 'हस्तांदोलनाची घरे' असेच म्हणतात. शेनचेनमधल्या नानतौ या जुन्या तटबंदीच्या वस्तीत २०१७ साली वास्तुकलेचे मोठे द्वैवार्षिक प्रदर्शन भरले. बायशिचौसारखी दाट वस्ती मात्र पुनर्विकासात पाडली गेली. जतन आणि पाडाव, दोन्ही एकाच शहरात झाले.

चीनमधली ही गोष्ट वाचताना मराठी वाचकाला दोन जुने शब्द आठवल्यावाचून राहू नयेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीची माती पांढुरकी का, याचे उत्तर पुरातत्त्वज्ञ देतात. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडतात, त्यांच्यावर नव्या उभ्या राहतात, चुलींची राख आणि गोठ्यांचे शेण त्यांत मिसळते आणि वस्तीची जागा हळूहळू उंच व फिकट होत जाते. पांढरी म्हणजे एका अर्थी गावाने स्वतःच तयार केलेली जमीन. वर्ध्याजवळच्या पवनारला १९६७ साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी उत्खनन केले, ते अशाच एका जुन्या वस्तीच्या थरांत. वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असे मत मांडले होते. पुढे अन्य अभ्यासकांचा कल मनसरकडे झाला. तो वाद येथे बाजूला ठेवू. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते एवढ्याकडेच, की धाम नदीकाठच्या त्या पांढरीवर माणसे शतकानुशतके राहिली.

काळी-पांढरीच्या भाषेत सांगायचे तर शहर काळी खाते आणि पांढरी टाकून देते. शेनचेनमध्ये हेच झाले, बोरगाव-सिंदीतही हेच. फरक आहे तो खाण्याच्या रीतीत. तिकडे राज्यसत्तेने एका घासात शेते घेतली. इकडे ती एकेक एकराने गेली : कधी मुलीच्या लग्नासाठी, कधी भावांच्या वाटणीनंतर, कधी कापसाने दगा दिला म्हणून, कधी केवळ भाव चांगला आला म्हणून. शेतकऱ्याने विकले, कोणी अकृषक परवानगी काढली, कोणी लेआउट पाडले. यात खलनायक कोणी एक नाही, आणि म्हणूनच या बदलाची कहाणी कोणी लिहिलेली नाही.

पण शहराने प्रत्येक वेळी पांढरी टाकूनच दिली असे नाही. वर्धा शहराचा जन्मच मुळी एका गावाच्या लोपातून झाला. १८५३ साली रघुजी तिसरे यांचे निधन झाले आणि त्यानंतर नागपूरचे राज्य खालसा करण्यात आले. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, १८६२ साली नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. त्याची कचेरी आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. मुंबईहून नागपूरकडे लोहमार्ग सरकत होता, कापसाला मागणी होती आणि नव्या जिल्ह्याला नवे ठाणे हवे होते. १८६६ साली पालकवाडी नावाच्या लहानशा वस्तीच्या जागी ते आखले गेले. पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली. नव्या शहराला नाव मिळाले जिल्ह्याचे आणि जिल्ह्याला मिळाले होते नदीचे. मौज अशी की ती नदी शहरातून वाहतच नाही, ती वाहते दूर पश्चिमेला पुलगावच्या बाजूने. म्हणजे ज्या जागेवर शहर उभे आहे त्या जागेचे नाव शहराने घेतले नाही, आणि ज्याचे नाव घेतले ते तिथे नाही. पालकवाडीला कंसातही जागा मिळाली नाही.

एकोणिसाव्या शतकातले सरकारी शहर कोऱ्या कागदावर आखले गेले. कागद कोरा नसेल तर तो कोरा मानला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली वाढ मात्र तुकड्या-तुकड्यांनी आली, आणि प्रत्येक तुकड्याला सातबाऱ्याची सीमा पाळावी लागली. सातबारा असतो काळीचा. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, तीही करापुरती. ज्या जागेचा सातबारा नाही ती सहजी विकत घेता येत नाही आणि सहजी एकत्रही करता येत नाही. एका पडक्या वाड्यात पंधरा वारसांचे हिस्से असतात आणि त्यांतले चौघे पुण्याला असतात. जुने गाव वाचले ते कोणाच्या प्रेमामुळे नव्हे, तर या गुंत्यामुळे, असे आम्हांला वाटते.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाने येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. गावाविषयीची आपली पुस्तकी समजूत मुख्यतः त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने घडवलेली आहे : पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, अलुतेदार. ते चित्र देशावरच्या रयतवारी गावाचे आहे. वर्ध्याचे गाव तसे नव्हते. इंग्रजांनी १८६०च्या दशकातल्या जमाबंदीत इथल्या पाटलांना आणि सारा भरणाऱ्या मक्तेदारांना गावाचे मालक ठरवले. गाव म्हणजे 'महाल', त्याचा मालक मालगुजार, सरकारशी बोलणारा लंबरदार, बाकी सारी कुळे. शेतेच नव्हे तर पडीक, तळे, आंबराई, गावठाणातली मोकळी जागा, सारे मालगुजाराच्या नावे. गावकऱ्यांना जे रूढीने मिळे ते 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात लिहिले जाई : घराला जागा कोणाला, पांदण कुठून, गुरे कुठे चरावीत, सरपण कुठून आणावे. गावाच्या मालकीची विक्री होऊ शके, वाटणी होऊ शके, ते सावकाराकडे गहाण पडू शके. आणे-पैच्या हिशेबात एका गावाचे वाटे पडत. मध्य प्रदेशच्या १९५०च्या कायद्याने ही पद्धत रद्द केली आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. घरे ज्याची त्याच्याकडे राहिली, गावाच्या सामायिक जागा सरकारकडे गेल्या, कुळे पुढे भूमिस्वामी आणि भूमिधारी झाली. गावाच्या नावातला कंस मात्र कोणी रद्द केला नाही. मालकी गेली, मालकाची खूण राहिली.

या गावांच्या इतिहासाला आणखी एक पदर आहे, आणि तो वर्ध्यातच सापडतो. भारतातल्या खेड्याचे काय करायचे या प्रश्नाची एके काळी सर्वांत मोठी प्रयोगशाळा होती ती हीच गावे. विनोबा १९२१ साली वर्ध्याला आले आणि १९३२च्या अखेरीस शहराबाहेरच्या नालवाडीत, दलितांच्या वस्तीत, राहायला गेले. गोपाळराव वाळुंजकरांनी तिथे चर्मालय चालवले. मेलेल्या जनावराचे कातडे कमावणे हे जातीचे काम न राहता शिकण्या-शिकवण्याचे काम व्हावे, हा त्यामागचा विचार. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ठाणे मगनवाडीत. १९३५ साली गांधीजी मगनवाडीत राहत होते, तेव्हा ते, महादेवभाई देसाई आणि इतर सहकारी सकाळी बादल्या-फावडी घेऊन शेजारच्या सिंदी गावात रस्ते झाडायला आणि मैला उचलायला जात. मीराबेन तर तिथे राहायलाच गेल्या. गावकऱ्यांपैकी बहुतेकांनी हे थंडपणे पाहिले. घाण करणे थांबले नाही, उचलणारी माणसे आयती मिळाली इतकेच. गांधीजींनी ही गोष्ट लपवली नाही. महादेवभाईंनी ती 'हरिजन'मधून वाचकांसमोर ठेवली.

त्यानंतर मीराबेन सेगावला गेल्या आणि ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजीही सेगावला राहायला आले. त्या गावाच्या मालगुजारीत जमनालाल बजाजांचा मोठा वाटा होता. सेगावची टपाले शेगावला जात, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. हे नाव जगभर गेले. परंतु ज्या पांढरीवर सेगाव वसले होते ती आश्रमापासून वेगळी आहे, आणि आश्रम पाहायला येणाऱ्यांपैकी फारच थोडी पावले तिकडे वळतात. आश्रमाला लागून रुग्णालय वाढले, १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय आले, 'वर्धा पूर्व' या रेल्वे स्टेशनचेही नाव सेवाग्राम झाले. सेगावचे भाग्य असे की त्याचा कंस पुसला गेला आणि त्याबरोबर मूळ नावही.

नालवाडी आणि सिंदी यांना एवढी कीर्ती लाभली नाही, आणि आज त्या शहरात मिसळून गेल्या आहेत. २००१च्या जनगणनेच्या नगरयादीत तर 'सिंदी तर्फ हिंदनगर' असे एक नाव भेटते. जनगणनेचा नियम असा : लोकसंख्या किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान तीन-चतुर्थांश शेतीबाहेरच्या कामात. हे तिन्ही जुळले की ग्रामपंचायत असूनही गाव 'शहर' मोजले जाते. ज्या सिंदीचे नाव ग्रामसुधारणेच्या इतिहासात आहे, तेच नाव शहरांच्या यादीत यावे, यात काळाचा टोमणा पाहण्याचा मोह होतो. पण तो मोह आवरलेला बरा. शेती सुटली म्हणून गावाचे प्रश्न सुटले का, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात खेड्याच्या गौरवीकरणाला स्पष्ट नकार दिला होता. गांधीजींनी ५ ऑक्टोबर १९४५च्या पत्रात जवाहरलालांना खेड्याविषयीचा आपला आग्रह कळवला होता. हा वाद आपण सहसा पुस्तकांतून शिकवतो. वर्ध्यातल्या एखाद्या जुन्या गावठाणात तो पायांखाली वाचता येतो. मधोमध देऊळ आणि पार, त्याभोवती कुणबी-तेल्यांची घरे, एका बाजूला मालगुजाराचा वाडा किंवा त्याची जोती, आणि गावाच्या कडेला, बहुधा पांदणीच्या पलीकडे, पूर्वी अस्पृश्य मानलेल्यांची वस्ती, जिथे आता बुद्धविहार असतो. शहर येऊन या रचनेला वेढते तेव्हा एक विचित्र उलथापालथ होते. जी वस्ती गावाच्या कडेला टाकली होती ती नव्या हमरस्त्याला लागून येते, आणि वाडा आत अंधारात राहतो. भाव कडेच्या जागेचा वाढतो. हा न्याय नव्हे, हा योगायोग आहे. आणि पुष्कळदा ती कडेची जागा कागदावर त्या माणसांच्या नावे नसते, म्हणून योगायोगाचा लाभही त्यांना होत नाही.

म्हणूनच जुने गाव जपावे की पाडावे हा प्रश्न आम्हांला अपुरा वाटतो. कवेलूंची छपरे आणि कोरीव चौकट यांच्या जतनाची मागणी करणे सोपे; त्या छपराखाली पावसाळ्यात कोण भिजतो हे विचारणे अवघड. 'स्वामित्व' योजनेखाली २०२० सालापासून गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घरांच्या मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. ज्याच्याकडे नमुना आठखेरीज कागद नव्हता त्याला मालकीचा पुरावा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु कागद मिळाला की विक्रीही सोपी होते. ज्या गुंत्याने पांढरी वाचवली तो गुंता सुटू लागला आहे. आकाशातून काढलेल्या नकाशात भिंती दिसतात. पांदणीवरचा वहिवाटीचा हक्क, दोन घरांमधली सामायिक विहीर, कुणाच्या ओसरीत पोळ्याची बैलजोडी पहिली थांबते, हे दिसत नाही. पूर्वी अशा हक्कांना निदान वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक यांत जागा होती. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही ही दोन्ही नावे सोडलेली नाहीत. ती कागदपत्रे अभिलेखात आहेत, वाचणारे नाहीत.

येथे साहित्याच्या शिक्षकांचा संबंध येतो. मराठी ग्रामीण साहित्याने खेडे रंगवले, महानगरी साहित्याने चाळ आणि झोपडपट्टी रंगवली. उद्धव शेळक्यांच्या 'धग'ने (१९६०) वऱ्हाडी बोली आणि वऱ्हाडातल्या कष्टकरी घराची होरपळ कादंबरीच्या मध्यभागी आणली. पण जे गाव शेत विकून बसले आहे, ज्याच्या पाराशेजारी मोबाइलचा मनोरा आहे, ज्यातल्या म्हाताऱ्या अजूनही 'वर्ध्याला जाऊन येतो' म्हणतात आणि नाती 'आपण वर्ध्याचेच' म्हणतात, ते या दोन्ही खणांत बसत नाही. 'वर्ध्याला जाणे' आणि 'वर्ध्यात असणे' यांमधला हा विभक्तिप्रत्ययाचा फरक म्हणजे दोन पिढ्यांमधल्या इतिहासाचा फरक आहे. व्याकरणाच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

१९६९ साली वर्ध्यात मराठी साहित्य संमेलन भरले होते, २०२३ साली ९६वे संमेलन पुन्हा तिथेच झाले. या दोन संमेलनांमधल्या ५४ वर्षांत शहराभोवतीच्या गावांची काळी जवळजवळ संपली. त्या पिढीतली माणसे, ज्यांनी पऱ्हाटीचे शेत आणि त्याच जागेवरचा लेआउट दोन्ही पाहिले, अजून आहेत. कोणत्या भूखंडाखाली कोणाची विहीर बुजली, कोणत्या गल्लीचे नाव काय होते, कोणाला कुठल्या पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते, हे ती सांगू शकतात. आणखी वीस वर्षांनी हे कोणी सांगू शकणार नाही. महाविद्यालयात प्रकल्प म्हणून जी कामे दिली जातात त्यांत एक काम असेही असावे : जवळचे एक गावठाण घ्यावे, तिथल्या गल्ल्या, जागा, विहिरी, झाडे यांची नावे लोकांच्या तोंडून ऐकून लिहावीत, आणि मग तहसील कचेरीत जाऊन जुना वाजिब-उल-अर्ज मागावा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की एकात नसलेले दुसऱ्यात सापडेल. पालकवाडीच्या बाबतीत हे करायला कोणी उरले नाही. बोरगाव, सिंदी, नालवाडी यांच्या बाबतीत अजून माणसे आहेत.